आधी गच्ची, मग पंखा, मग एसी आणि सोलर शेवटी: इंदूरच्या घराचं वीजबिल आणि कार्बन उतरवण्याचा क्रम

इंदूरमध्ये सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी सोलर आहे. सुदामा नगर, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, जिकडे बघाल तिकडे गच्च्यांवर निळी पॅनेल दिसायला लागली आहेत. चांगलंच आहे. पण त्यातल्या कित्येक घरांत वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही छत तापलेलं असतं. त्या छताशी झुंजायला दीड टनाचा एसी असतो आणि पॅनेलने दिवसभर कमावलेलं तो रात्रीत उडवतो. आधी ऊन घरात घ्यायचं, मग ते बाहेर काढायला यंत्र आणायचं आणि मग त्या यंत्राला पोसायला आणखी एक यंत्र. क्रमच उलटा झाला.

कार्बनच्या हिशोबात तर हा उलटा क्रम जास्तच महागात पडतो. नेट मीटरवर (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) दिवसाचं युनिट आणि रात्रीचं युनिट एकमेकांत वळतं होतं, पण ते कागदावर. रात्री अकराला एसी जी वीज ओढतो ती त्या क्षणी बहुतांशी कोळशाच्याच केंद्रातून आलेली असते. म्हणून रात्रीची गरज मुळात कमी करणं हे पहिलं काम. ते गच्चीवर, भिंतीवर आणि खिडकीत होतं, आणि त्याचा खर्च पॅनेलच्या मानाने किरकोळ असतो.

देशात वापरल्या जाणाऱ्या विजेतला साधारण चौथा हिस्सा घरांमध्ये जातो. ग्रिडमधल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो. महिन्याला ३०० युनिट लागणारं घर वर्षाला ३,६०० युनिट वापरतं, म्हणजे अडीच टन कार्बन (पुढेही ‘कार्बन’ म्हणजे कार्बन डायऑक्साइडच). युनिट गुणिले ०.७ एवढा एक गुणाकार लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागेल.

बिल हातात घ्या, मीटरपाशी उभे राहा

सगळ्यात आधी गेल्या वर्षभराची बिलं काढा. रुपये बघू नका, युनिट बघा. डिसेंबर-जानेवारीचा आकडा हा तुमच्या घराचा पाया: फ्रिज, दिवे, टीव्ही, गीझर, पाण्याची मोटर. एप्रिल-मेचा आकडा वजा जानेवारीचा आकडा, ही ढोबळमानाने तुमची उन्हाळ्याची किंमत. पाया १४० आणि मे महिना ४२० असेल तर घराचं दुखणं उष्णतेचं आहे. पाया २६० आणि मे ३४० असेल तर एखादं उपकरण बारा महिने वीज खात बसलं आहे, आणि गच्ची रंगवून तिथे फारसा फरक पडणार नाही.

मग एका संध्याकाळी घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. सगळं बंद असूनही तो लुकलुकत असेल तर कुठेतरी सेट-टॉप बॉक्स, वाय-फाय, जुना इन्व्हर्टर किंवा भिंतीत खराब झालेली वायर चालू आहे. नुसता बारा वॉट खाणारा सेट-टॉप बॉक्स चोवीस तास चालू राहिला तर वर्षाला शंभराच्या वर युनिट घेतो. स्मार्ट मीटर असेल तर वीज कंपनीच्या ऊर्जस ॲपवर रोजची खपत दिसते. मग असं एकेक बटण दाबत बसायची गरज नाही, पाहुणे आले त्या दिवशीचा आकडासुद्धा समजतो.

मध्य प्रदेशात या सगळ्याला एक खास धार आहे. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याची खपत १५० युनिटच्या आत राहिली तर पहिल्या १०० युनिटचे फक्त १०० रुपये लागतात. मर्यादा ओलांडली की ती सवलत पूर्णच जाते, वरच्या युनिटांपुरती नाही. बिलाच्या दिवसांप्रमाणे हिशोब रोजच्या सरासरी पाच युनिटचा असतो. त्यामुळे १७०-१८० च्या आसपास घुटमळणाऱ्या घराने तीस युनिट वाचवले तर फायदा तीस युनिटचा नसतो, त्याच्या कितीतरी पट असतो. हिवाळा आणि पावसाळ्याच्या बिलांत ही रेषा गाठणं बहुतेक मध्यम घरांना जमण्यासारखं आहे.

गच्ची: इथेच सगळा खेळ

इंदूर साधारण २२.७ अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या जरासं खाली. त्यामुळे मे-जूनमध्ये दुपारी बाराचा सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. या एका गोष्टीतून बरंच काही निघतं. उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फार कमी पडतं. सगळा मारा गच्चीवर, आणि सकाळ-संध्याकाळी पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. हिवाळ्यात हाच सूर्य दुपारी ४४ अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत येतो, जो आपल्याला हवाच असतो. तरीही लोक दक्षिणेला घाबरून तिकडची खिडकी लहान ठेवतात आणि पश्चिमेला मोठी बाल्कनी काढतात.

साधा सहा इंची आरसीसी स्लॅब उष्णता अडवण्याच्या बाबतीत अगदीच कमकुवत. त्याचा यू-व्हॅल्यू, म्हणजे चौरस मीटरमागे दर अंशाला किती वॉट आत झिरपतात तो आकडा, तीनच्या वर असतो. केंद्राच्या इको निवास संहितेत (२०१८), म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छतासाठी कमाल १.२ मागितला आहे. आपली बहुतेक घरं त्या मापाच्या अडीच पट तरी सैल आहेत. शिवाय स्लॅब दुपारी शोषलेली उष्णता तीन-चार तास उशिराने खाली सोडायला लागतो, म्हणजे नेमकं आपण कामावरून घरी येऊन बसतो तेव्हा.

तुमच्या घरात हे किती होतंय ते बघायला यंत्र लागत नाही. मेमध्ये रात्री नऊला स्टुलावर उभं राहून तळहात छताला लावा, मग तोच हात आतल्या, ऊन न लागणाऱ्या भिंतीला लावा. छत स्पष्ट गरम लागलं तर पुढचं वाचा. तळमजल्यावर राहत असाल तर पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा आणि थेट पुढच्या भागाकडे वळा.

सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. विरलेला चुना गाळून घ्यायचा, त्यात थोडं पांढरं सिमेंट आणि चिकटायला डिंक किंवा फेविकॉल घालायचं, आणि कुंच्याने आडवा-उभा असे दोन हात द्यायचे. गच्ची आधी झाडून, धुऊन, पूर्ण वाळलेली हवी. एक उन्हाळा निघतो, पाऊस तो धुऊन नेतो. तीन-पाच वर्षांचं काम हवं असेल तर उन्हाचं परावर्तन करणारा पांढरा इलास्टोमेरिक रंग घ्या. डब्यावर एसआरआय नावाचा आकडा बघा, ते ऊन परतवण्याचं माप; जितका मोठा तितका चांगला. करड्या काँक्रीटवर पडलेल्या उन्हाचा बराच मोठा भाग आत मुरतो. ताज्या पांढऱ्या थरावरून साधारण सत्तर-ऐंशी टक्के परत जातो.

यात दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे क्रम: भेगा भरणं, वॉटरप्रूफिंग, आणि त्यानंतरच पांढरा थर. ओल्या गच्चीवर मारलेला रंग फुगून निघतो, आणि रंगारी सांगतो की माल खराब होता. दुसरं म्हणजे धूळ. मार्चअखेरपासून इंदुरात जी धूळ बसते तिने पांढरी गच्ची दोन महिन्यांत मातकट होते आणि तिचा गुण उतरतो. पंधरा दिवसांतून एकदा झाडू आणि एखादी बादली पाणी, एवढं केलंत तर पुरे. गच्चीवर कुरडया-पापड घालणाऱ्यांसाठी एक सूचना: पांढऱ्या गच्चीवर दुपारी डोळे दिपतात, वाळवणं सकाळी नऊच्या आत घालून खाली या. शेजारच्या उंच इमारतीतल्या खिडकीत चमक जात असेल तर त्यांच्याशी आधी बोलून घ्या, नाहीतर कॉलनीच्या ग्रुपवर आठवडाभर तोच विषय.

पक्कं काम करायचं असेल तर स्लॅबवर वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंची एक्सपीएस किंवा पफचे, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमचे बोर्ड, त्यावर सिमेंटचा थर आणि सगळ्यात वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. यू-व्हॅल्यू साधारण ०.५ च्या आसपास येतो. नवीन घर बांधत असाल किंवा गळती काढायला गच्ची उकरणारच असाल तर हे त्याच वेळी करून घ्या, कारण मजुरी दोनदा द्यावी लागत नाही. आमच्याकडे गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आहे, मग काय गरज, असं पुष्कळ जण विचारतात. कोब्याने पाणी वाहून जातं आणि थोडी उष्णता अडते, पण विटा हे काही खरं इन्सुलेशन नाही; त्या तापल्या की त्याही रात्री खालीच देतात.

भाड्याच्या घरात किंवा हात आखडता असेल तर बांबूवर ग्रीन नेट ताणा. नेट स्लॅबपासून फूटभर तरी वर हवी, म्हणजे खालून हवा खेळेल. स्लॅबला टेकवली तर निम्मा फायदा जातो. पीओपीचं फॉल्स सीलिंग मात्र उष्णतेसाठी करू नका. स्लॅब तापतोच, फक्त आपल्याला दिसत नाही.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्रास वरच्या मजल्याचा आणि गच्ची सगळ्यांची. सभेत तळमजल्यावरचे काका म्हणणार, “आम्हाला काय त्याचं?” त्यांना उष्णतेचं सांगू नका, स्लॅबचं सांगा. रोज तापून-थंड होऊन स्लॅबला भेगा पडतात, त्यातून पावसाचं पाणी सळ्यांपर्यंत जातं, आणि तो खर्च सगळ्यांच्या वर्गणीतून निघतो. वॉटरप्रूफिंगच्या ठरावातच पांढरा थर घालून घेतला की भांडण होत नाही.

पश्चिमेची भिंत आणि खिडकी

नऊ इंची विटेची भिंत उष्णता सहा-सात तास उशिराने आत पोचवते. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेलं ऊन म्हणजे रात्री अकराची झोपमोड. शिवाय त्या वेळी सूर्य खाली आलेला असतो, त्यामुळे वरचा छज्जा पश्चिमेला उपयोगाचा नाही. आडवं ऊन त्याच्या खालून आत येतं. तिथे उभं काहीतरी हवं: बाहेरून सोडलेली बांबूची चिक, जाळीची भिंत, तारेवर चढवलेली मधुमालती. जागा असेल तर कडुनिंब, पण तो मोठा व्हायला वर्षं लागतात, म्हणून याच पावसाळ्यात लावा.

पडद्याबद्दल एकच गोष्ट सांगायची. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडद्याने ते बाहेर जात नाही. पडदा तापतो आणि खोली तापवतो. सावली काचेच्या बाहेर हवी. जुन्या घरांत वाळ्याचे पडदे बाहेरच्या अंगाला टांगत आणि त्यावर पाणी मारत, त्यामागे हेच शास्त्र होतं. राजवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांतही बघा: जाड भिंती, आत चौक, रस्त्याकडे लहान खिडक्या. हे सगळं हौसेने केलेलं नव्हतं. आज विजय नगरच्या बाजूला पश्चिमेकडे आख्खी काच लावून इमारती उभ्या राहतात आणि आत दुपारी पडदे ओढून ट्यूबलाइट लावतात, ही अक्कल कुठून आली देव जाणे.

माळव्याची रात्र अजूनही आपल्या बाजूची आहे. शब-ए-माळवा म्हणतात ते उगीच नाही. मेमध्ये दिवसा चाळिशी गाठणारा पारा पहाटे पंचविशीच्या आसपास येतो. या फरकाचा फायदा घ्यायचा तर रात्री दहानंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एक एक्झॉस्ट किंवा टेबल फॅन बाहेर हवा फेकेल असा लावा, आणि सकाळी आठच्या आत सगळं बंद करा. दुपारी “जरा हवा येऊ दे” म्हणून खिडकी उघडली तर लू आत येते आणि रात्रभराची मेहनत वाया जाते. डासांसाठी जाळ्या लावाव्या लागतील, तो खर्च एकदाचाच.

पंखा, कूलर आणि एसी

साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज पंधरा तास, वर्षातले आठ महिने धरले तर एका पंख्यामागे दीडशेच्या वर युनिट वाचतात, म्हणजे एक क्विंटलच्या वर कार्बन. घरात पाच पंखे असतील तर आधी बेडरूम आणि बैठकीतले बदला, पाहुण्यांच्या खोलीतला जुना राहू द्या. वर्षातून महिनाभर चालणारा पंखा बदलून काही हाती लागत नाही. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, ते बघून घ्या.

कूलरला लोक आता गरिबाची वस्तू समजायला लागले आहेत, आणि हे इंदूरसारख्या गावात मला अजिबात पटत नाही. मेच्या दुपारी तापमान ४० अंश आणि हवेतला ओलावा वीस टक्के असेल तर ओल्या गोळ्याचं तापमान, म्हणजे नुसतं पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते तो आकडा, २२-२३ अंशांवर असतं. चांगल्या जाळ्यांचा कूलर त्या दोन आकड्यांमधलं पाऊण अंतर कापतो, म्हणजे तोंडातून २६-२७ अंशांची हवा येते. तीसुद्धा दोनशे वॉटच्या आसपास, जिथे दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर पूर्ण चालताना दीड हजार वॉट मागतो. अट एकच: कूलर खिडकीत, बाहेरची हवा ओढणारा हवा, आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. खोली बंद करून आतच कूलर ठेवला की अर्ध्या तासात ओलावा साचतो आणि “कूलर काम नहीं कर रहा” सुरू होतं. जुलैत हवेतच ओलावा भरलेला असतो, तेव्हा कूलर जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो. मग तो गुंडाळून ठेवा, नुसता पंखा बरा.

म्हणजे एप्रिल, मे आणि अर्धा जून कूलर; पावसाच्या उकाड्यात लागलाच तर एसी. ज्या घरांत हे पाळतात तिथे एसी वर्षातून फारच थोडा चालतो.

एसी घ्यायचाच असेल तर छताचं काम आधी करा. वरच्या मजल्यावर तापलेल्या छतामुळे दीड टन लागतो तिथे छत सुधारल्यावर एक टनात भागतं. लेबलवर तारे मोजण्यापेक्षा वर्षाचे युनिट वाचा. तो आकडा १,६०० तासांच्या वापरासाठी असतो, तुम्ही निम्मेच तास चालवत असाल तर निम्मा धरा. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचा प्रत्येक एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतो. तो २६ वर न्या आणि वरून पंखा लावा. दर अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते असा ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचा हिशोब आहे. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात असेल तर त्याच्यावर सावली करा, पण हवा अडेल असा पत्रा ठोकू नका.

आता गॅसबद्दल, कारण याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. दरवर्षी मार्चमध्ये मेकॅनिक येतो, दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, “गॅस कम है साहब, डलवा लो.” एसीची नळी बंद असते, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि गळती न काढता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत पुन्हा हवेत गेलेला असतो. त्याचा परिणाम बघा. नव्या एसीतल्या आर-३२ चा एक किलो हवेत गेला तर तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. जुन्या आर-२२ चा १,८१० किलो, आर-४१०ए चा २,०८८ किलो. म्हणजे आर-३२ चा एक किलो सोडणं हे साडेनऊशे युनिट वीज जाळण्याइतकं आहे. वर्षभर २६ अंश पाळून जे कमावलं ते एका सर्व्हिसिंगमध्ये गेलं. म्हणून मेकॅनिकला तीन गोष्टी सांगा: आधी नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करून गळती शोध, मग व्हॅक्यूम कर (पंपाने नळीतली हवा आणि ओल ओढून काढ), मग वजनकाट्यावर मोजून भर. घर बदलताना एसी काढायचा असेल तर “पंप डाऊन करून काढ” म्हणा. म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्येच बंद होतो. काही जण कुरकुर करतात, व्हॅक्यूम पंप आणला नाही म्हणतात. मग दुसरा बोलवा. आर-२९० म्हणजे प्रोपेनवर चालणारे एसीही मिळतात, त्या गॅसचा असा परिणाम नगण्य असतो. तो ज्वलनशील असल्याने बसवणारा मात्र शिकलेला हवा.

गीझर, फ्रिज आणि दिवे

शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला जवळपास तीन युनिट लागतात, त्यात सुटका नाही. इंदूरच्या हिवाळ्यात चार माणसांच्या घरात सोलर वॉटर हीटर हा गच्चीवरच्या सगळ्या वस्तूंत लवकर पैसे फेडणारा. तो नसेल तर गीझरचा थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा आणि अंघोळी लागोपाठ उरका. फ्रिज भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. दिव्यांचं काम बहुतेकांचं झालेलंच आहे.

नर्मदेचं पाणी म्हणजे वीजच

इंदूरचं पिण्याचं पाणी मुख्यतः मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून येतं. नर्मदेच्या पातळीपासून इंदूर साधारण चारशे मीटर उंचावर आहे, आणि मध्ये घाट आहे तो वेगळाच. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर उचलायला निव्वळ भौतिकशास्त्राने १.१ युनिट लागतात. पंप आणि मोटरचा तोटा धरला की दीडच्या पुढे. माणशी १३५ लिटर या सरकारी मापाने चौघांच्या घराला महिन्याला सोळा हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे पंचवीसेक युनिट तुमच्या बिलात न दिसता जलूदला जळतात. हा भार इतका मोठा आहे की तो उतरवण्यासाठी महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) विक्रीला काढले, जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला.

घरात याचा अर्थ सरळ आहे. वाहणारी टाकी ही पाण्याबरोबर विजेचीही नासाडी. टाकीला लेव्हल सेन्सर बसवा, तो काही शेकड्यांतच मिळतो. सोसायटीत तळटाकीतून वर चढवणारी मोटर जुनी, दोनदा रिवाइंड केलेली असेल तर ती बदलायचं मनावर घ्या, कारण रिवाइंडिंगमध्ये कार्यक्षमता घटते. सोलर असेल तर टाकी भरायची वेळ सकाळी अकरा ते दोन ठेवा. तळघरातले आणि जिन्यातले दिवे हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर टाका. लिफ्टमधला पंखा आणि दिवा रिकाम्या लिफ्टमध्ये बंद होतो का, ते लिफ्टवाल्याला विचारा. बहुतेक लिफ्टमध्ये ती सोय असते, फक्त चालू केलेली नसते.

आता सोलर

इथवर आलात तर तुमचा मे महिन्याचा आकडा उतरलेला असेल, आणि तोच घेऊन पॅनेलचं माप काढायचं. एक किलोवॉट इंदुरात दिवसाला सरासरी चार, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास युनिट देतो आणि दहा चौरस मीटर सावलीरहित जागा मागतो. वर्षाची सरासरी २४० युनिट असेल तर दोन किलोवॉट पुरे. विक्रेता पाच सांगेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. तीनच्या वर अनुदान वाढत नाही. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० मिळतात. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर बिलावरच्या ग्राहक क्रमांकाने होतो, विक्रेता यादीतला हवा आणि पॅनेल भारतात बनलेल्या सेलची हवीत, नाहीतर अनुदान अडतं.

बसवताना पाण्याच्या टाकीची आणि जिन्याच्या खोलीची सावली डिसेंबरमध्ये कुठवर येते ते बघा. विक्रेते बहुधा मेमध्ये येऊन बघतात, तेव्हा सावली कुठेच नसते. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या ओळीतली सगळी पॅनेल मंदावतात. तोंड दक्षिणेला, कल वीस अंशांच्या आसपास. स्टँड उंच घेतला तर खाली वाळवणं, दोऱ्या, कुंड्या सगळं चालतं आणि स्लॅबला सावली मिळते ती वर. पॅनेलखालची गच्ची तरीही पांढरी करूनच घ्या, स्टँड बसल्यावर कुंचा फिरवणं जिकिरीचं होतं.

नवं बांधत असाल तर

वीज आयुष्यभर थोडी थोडी जळते. सिमेंट आणि लोखंडाचा कार्बन एकदाच, बांधतानाच सोडला जातो. म्हणून पहिला प्रश्न: जुनं घर पाडायलाच हवं का? पाया आणि भिंती धडधाकट असतील तर वर सांगितलेल्या दुरुस्त्या आणि एक मजला, यात पुष्कळांचं भागतं. पाडलंच तर सागवानी चौकटी, खांब, फरशी मलब्यात घालू नका. जुन्या सागवानाला इंदुरात चांगलं गिऱ्हाईक आहे.

सिमेंट घेताना पीपीसी (राख मिसळलेलं) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्यातली मळी मिसळलेलं) सिमेंट मागा. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची राख असते, तेवढा क्लिंकर (भट्टीत भाजलेला चुनखडीचा गोळा, सिमेंटचा मूळ घटक) कमी, आणि कार्बनचा मोठा भाग क्लिंकर भाजण्यातच असतो. त्याला ताकद थोडी सावकाश येते, म्हणून पाणी मारायचे दिवस कापू नका. भिंतींना आठ इंची एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक घेतले तर यू-व्हॅल्यू ०.७-०.८ वर येतो, नऊ इंची विटेचा दोनच्या आसपास असतो. ब्लॉकला तडे जातात ही तक्रार ऐकू येते. बहुतेक वेळा ब्लॉक भिजवून लावलेले असतात किंवा साध्या जाड मालात बसवलेले असतात. त्यांना त्यांचाच पातळ जोडमसाला लागतो. इंदूरच्या हवामानगटासाठी इको निवास संहिता खोल्यांच्या क्षेत्रफळाच्या किमान साडेबारा टक्के इतकी उघडणारी खिडकी मागते: १२० चौरस फुटांच्या खोलीला १५ चौरस फूट. सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणून ती दुप्पट मोजावी लागते. आर्किटेक्टला हा आकडा विचारलात की पुढचं बोलणं आपोआप गंभीर होतं.

विटा आणि मालाशिवाय भिंती उभ्या राहतात का, असं वाटत असेल तर आपल्याच गावात केंद्राच्या लाइट हाऊस या घरबांधणी प्रकल्पात १,०२४ घरं लोखंडी सांगाडा आणि तयार सँडविच पॅनेल वापरून बांधली आहेत. एकट्या बंगल्याला ती पद्धत परवडेलच असं नाही, कारण क्रेन आणि जोडणीचं कौशल्य लागतं.

कोणत्या महिन्यात काय

गच्चीचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. मेमध्ये तापलेल्या स्लॅबवर रंग ओढला जात नाही, कामगारही सकाळचे दोन तासच टिकतात, आणि जूनच्या मध्यात पाऊस. कूलरच्या जाळ्या होळीनंतर लगेच, अक्षय तृतीयेच्या सुमाराला भाव चढतात. एसी काढायचा-बसवायचा असेल तर नोव्हेंबर, तेव्हा मेकॅनिकला व्हॅक्यूमसाठी थांबायला वेळ असतो. सोलरचा अर्ज पावसाळ्यात टाका, म्हणजे दिवाळीनंतरच्या स्वच्छ उन्हात पॅनेल चालू होतात. आणि हिशोब करताना मे महिन्याच्या बिलाशी जूनची तुलना करू नका. यंदाचा मे गेल्या मेशी, युनिटला युनिट, बिलाचे दिवस सारखे आहेत का ते बघून.